एका बोटाची ओळख

५ जुलै १९८६, मानिटू तळ्याकाठी

निघालो एकदाचे. पहाटे निघायचं ठरलं होतं, म्हणजे आमच्या घरच्या रीतीने ऊन चांगलं तापल्यावर. गार्नेटने मागच्या सामानावर ताडपत्री बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मी म्हटलं, अरे बाबा, आल्बर्टाला चाललोय, चंद्रावर नाही. त्यावर त्याने आणखी एक गाठ मारली. आमच्या कनोरा गावच्या धान्यकोठारात लोकांचा गहू तोलून तोलून हा माणूस असा झालाय. शब्दसुद्धा आधी तोलतो, आणि बहुतेक वेळा वजनात कमी भरले म्हणून परत ठेवून देतो.

मी त्याच्या अगदी उलट. माझं केस कापायचं दुकान आहे. कात्री चालवताना मी गप्प बसले तर गिर्‍हाईक घाबरतं, काहीतरी बिघडलं असं समजतं.

लग्नाला आता दोन महिने होतील. त्या घरात मी अजून पाहुणीच आहे. चमचे कुठल्या खणात हे ब्रिनला विचारावं लागतं, आणि ती हनुवटीने दाखवते. ब्रिन नऊ वर्षांची. आई गेली तेव्हा सात होती. मधली दोन वर्षं विनिपेगला आजीकडे राहिली, आता बापाकडे परत आली आणि बघते तर स्वयंपाकघरात मी उभी. मला हाक मारायची वेळ आली की ती ल्युबाही म्हणत नाही, "ऐक ना" म्हणते. मला तिची आई व्हायचंय हे मी कुणाजवळ बोलले नाही, गार्नेटजवळही नाही. इथे लिहिते. फार वाटतं. पोटातून वाटतं.

तर ही सहल त्यासाठी. वरकरणी कारण डायनासोरची हाडं. ब्रिनला ती बघायचीयेत आणि ती आहेत आल्बर्टातल्या ड्रमहेलरला. गार्नेटचं म्हणणं असं, की तीन माणसं एका पिकअपच्या बाकावर दोन आठवडे बसली की एक तर घर होतं, नाही तर खून. हे त्याचं या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

मोठा हायवे टाळून खडीच्या रस्त्यांनी जायचं ठरलंय, कारण साहेबांना वाटेतल्या प्रत्येकाचं पीक बघायचंय. मोहरीसारखा पिवळा कनोला फुललाय, जवसही. रस्ते सरळ, दिवसभर गाडी कमीच दिसते. आणि जी दिसते तिला हात करायचा. हे ब्रिनला ठाऊकच नव्हतं. विनिपेगसारख्या शहरात कोण कुणाला हात करतं? मग मी शिकवलं. हात असा हलवायचा नाही, मिरवणुकीत निघाल्यासारखा. मनगट स्टिअरिंगवरच ठेवायचं आणि एक बोट उचलायचं, पहिलं. दुसरं उचलायचे प्रसंग वेगळे असतात. ओळख असो नसो, समोरच्याने उचललं आणि आपण नाही उचललं तर गावात वर्षभर नाव निघतं. ब्रिन पहिल्यांदा हसली. मग तिने डॅशबोर्डवर मनगट टेकवलं आणि समोरून येणार्‍या प्रत्येकाला बोट. एका ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढून उत्तर दिलं तेव्हा तर तिने माझ्या दंडाला धरलं. आपणहून.

सॉसेज भाजले, डासांनी आम्हाला खाल्लं. बाप-लेक तळ्यात तरंगतायत. पाणी इतकं खारट की बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. मी काठावर बसून लिहितेय. मजेत आहे.

६ जुलै, नदीकाठचा तळ

आज दुपारी एक हिरवी पिकअप भेटली. जुनी, दिव्यांवर गोल भुवया असलेली, गार्नेटच्या वडिलांकडे होती तसली. गार्नेट इतका खूश झाला की त्याने एका बोटाऐवजी दोन बोटं उचलली. चालवणार्‍याने एक उचललं. डोक्यावर बियाण्याच्या दुकानात फुकट मिळते तसली टोपी, चेहरा टोपीच्या सावलीत.

ती गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते कळायला बराच वेळ लागला. धूळ नव्हती. पाऊस नाही, खडी कोरडी ठणठणीत, आमच्या मागे धुळीची भिंत उभी होती, आणि त्या गाडीमागे काहीच नाही. गार्नेटला म्हटलं तर म्हणाला, वारा तिकडचा असेल. असेल बाबा.

ब्रिनने आज माझ्या हातची पिरोगी, बटाटा भरलेली उकडलेली करंजी, दुसर्‍यांदा वाढून घेतली. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

७ जुलै, गावाबाहेरचा तळ, हॉकीच्या मैदानाच्या मागे

हिरवी गाडी आज पुन्हा भेटली. समोरूनच. काल ती पूर्वेला गेली होती, आम्ही पश्चिमेला. मग आज ती पुन्हा आमच्या पुढून कशी येईल? गार्नेट म्हणाला, हिरवी गाडी काय एकच बनवली होती का. पण टोपी तीच होती. आणि या वेळी त्याने वेग कमी केला. आमच्या शेजारून अगदी चालत गेल्यासारखा गेला, बोट उचललं, काच खाली होती. गार्नेट त्याच्याकडे बघून मान डोलवत होता. इथली रीतच आहे ती. एकदा भेटलं की बोट, पुन्हा भेटलं की वेग कमी, आणि तिसर्‍यांदा भेटलं की रस्त्याच्या मधोमध खिडकीला खिडकी लावून पावसावर गप्पा.

तळावर शेजारी वॉल्टर आणि डोरीन आहेत, सत्तरीतले, मूस जॉ गावाच्या बाजूचे. भलामोठा ट्रेलर ओढत फिरतायत. डोरीनने सॅस्काटून बोरांचा पाई, जांभळी बोरं भरून भाजलेला, आणून दिला आणि वॉल्टरने तो आमच्यासमोर बसून जवळपास सगळा संपवला. भारी वात्रट म्हातारा. ब्रिनला म्हणाला, तुझ्या आईचे केस बघ किती छान कापलेत, माझ्या बायकोचे मी कापतो, गवताच्या यंत्राने. डोरीनने त्याच्या पाठीत धपाटा घातला. 'तुझ्या आईचे' यावर ब्रिन काही बोलली नाही. ती माझी आई नाही, असंही बोलली नाही. मी तेवढ्यावर आज झोपणार आहे.

गंमत म्हणजे हिरवी गाडी त्यांनाही भेटतेय. दोनदा भेटली. वॉल्टर म्हणाला, उद्या भेटला तर थांबून बोलणार, एवढ्यांदा भेटून न बोलता पुढे गेलो तर माझी आई थडग्यातून उठून कान धरेल.

८ जुलै, वाळूच्या टेकड्यांजवळ

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सकाळी वॉल्टर-डोरीन आमच्या आधी निघाले. आम्ही तासाभराने. जेवणाच्या सुमारास समोरून हिरवी गाडी आली. मी थर्मासमधली कॉफी ओतत होते, एका हातात झाकण, एका हातात थर्मास, वर मांडीवर उकडलेली अंडी. म्हणून माझा हात उठला नाही. गार्नेटने बोट उचललं, ब्रिननेही. गाडी भुर्रकन गेली. आत दोन माणसं होती. टोपीवाल्याशेजारी वॉल्टर बसला होता.

मी ओरडले, अरे, वॉल्टर! गार्नेटने विचारलं, कोण वॉल्टर?

मला वाटलं चेष्टा करतोय. कालचा म्हातारा, पाई खाणारा. गार्नेट म्हणाला, पाई त्या बाईने आणला होता, एकट्याच तर होत्या त्या. ब्रिनला विचारलं. ब्रिन म्हणाली, म्हातारी आजी एकटीच होती, ट्रेलरवाली. गवताच्या यंत्राचा विनोद कुणी केला मग? मला ऊन लागलंय असं ठरलं आणि डोक्यावर ओला रुमाल आला.

संध्याकाळी डोरीन याच तळावर आली. स्वतः गाडी चालवत. काल तिने मला सांगितलं होतं की ट्रेलर लावलेला असताना ती स्टिअरिंगला हात लावत नाही. मी पळत गेले, वॉल्टर कुठे विचारलं. तिने गोड हसून विचारलं, कोण गं पोरी? मी म्हटलं, तुमचा नवरा. ती म्हणाली, मी लग्नच केलं नाही, कुणी विचारलंच नाही वेळेत. बोटातली अंगठी आईची म्हणे. वाटेत कुणी भेटलं का विचारलं तर म्हणाली, हो, एक जण थांबला होता हिरव्या गाडीतला, मी आपला हात केला, बरा वाटला माणूस.

बोलता बोलता तिने टेबलावर कॉफीचे दोन कप मांडले. मग दुसर्‍या कपाकडे बघत बसली. मग तो धुऊन ठेवला.

९ जुलै, तिथेच

पाऊस. इथली माती भिजली की चाकाला डिंकासारखी चिकटते, त्यामुळे आज कुणीच हललं नाही. देवाची कृपा म्हणायची.

दिवसभर गार्नेटशी भांडले. भांडले म्हणजे मी बोलत होते आणि तो कंदिलाची काच पुसत होता. मी म्हटलं, उद्या हायवेने जाऊ, मला खडी नको. चालेल म्हणाला, पण हायवेपर्यंत खडीनेच जावं लागणार. मग म्हटलं, तो भेटला तर हात करू नकोस. एवढं कर माझ्यासाठी. यावर त्याने काच खाली ठेवली. त्याचं म्हणणं, मी चाळीस वर्षं या रस्त्यांवर आहे, वडिलांच्या मांडीवर बसून बोट उचलायला शिकलो, समोरून माणूस हात करतोय आणि मी तोंड फिरवू? आपण काय टोरंटोचे आहोत? मी रडले तेव्हा मऊ झाला. बरं, नाही करत, म्हणाला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला वाटतंय मला नवं घर, नवं मूल, सगळं एकदम झेपत नाहीये. त्याने ब्रिनला बाजूला नेऊन सांगितलं की ल्युबाशी जरा चांगलं वाग. मी ऐकलं ते.

आणि ब्रिन वागली. माझ्याजवळ येऊन बसली आणि वेणी घालून दे म्हणाली. बापाने सांगितलं म्हणून, हे कळत होतं. तरी घातली. दोनदा सोडून घातली.

मी विचार करकरून एवढ्यावर आलेय. डोरीन त्याला भेटली, तिने हात केला, ती विसरली. गार्नेट-ब्रिनने हात केला, ते विसरले. मी केला नाही, मला आठवतंय. आणि वॉल्टर थांबून बोलणार होता.

१० जुलै

गार्नेट गेला.

लिहिते. लिहायलाच हवं, मला एकटीलाच माहीत आहे.

हायवे दिसत होता, त्यावरचे ट्रकही दिसत होते. तेवढ्यात तो समोरून आला, वेग कमी केला आणि बरोबर आमच्या खिडकीला खिडकी लावून थांबला. टोपीखाली चेहरा होता. नीट बघितला मी, दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावरून. आणि आता कसा होता ते सांगता येत नाही. वाईट नव्हता. कुणाचाही असू शकला असता.

माझे दोन्ही हात मी मांडीखाली घेतले होते. ब्रिनचा एक हात धरायला हवा होता, तो विचार उशिरा आला. गार्नेटने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती. त्याने मला शब्द दिला होता. टोपीवाल्याने बोट उचललं आणि थांबला. नुसता बघत थांबला. कुणी एवढा वेळ वाट बघत असताना उत्तर न देणं काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माझेसुद्धा हात मांडीखाली वळवळत होते. गार्नेटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, शरमेने. मग त्याचं बोट उठलं. थोडंसंच. ब्रिननेही उचललं, बापाच्या मागोमाग.

मग हिरवी गाडी गेली होती आणि ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नव्हतं. आमचं इंजिन चालू होतं.

मी दार उघडून धावले, नाव घेऊन ओरडत धावले. परत आले तर ब्रिन खाली उतरून उभी होती, घाबरलेली. तिने माझा हात धरला आणि विचारलं, काय झालं, आई?

आई म्हणाली.

११ जुलै

पोलीस चौकी. तरुण पोरगा, सभ्य. नवरा हरवला म्हटल्यावर कागद काढला. बाई, भांडण झालं होतं का? झालं होतं. मग त्याने ब्रिनला विचारलं, बाबा कुठे गेले गं? ब्रिन म्हणाली, मला बाबा नाहीत. मी आणि आई असतो. पोराने माझ्याकडे बघितलं, मग कागद जरा बाजूला सरकवला. मुलं धक्क्याने असं बोलतात, म्हणाला. पुरुष असे जातात आणि दोन दिवसांनी मान खाली घालून परत येतात, म्हणाला. घरी जा, फोनजवळ बसा.

गार्नेटच्या बहिणीला फोन केला. तिला गार्नेट आठवतो. तिने तर हिरवी गाडी बघितलीच नाही ना. माझ्यावरच भडकली, काय बोललीस माझ्या भावाला म्हणून. तिचा राग ऐकून बरं वाटलं. निदान कुणीतरी त्याच्यावर हक्क सांगतंय. मी ब्रिनकडून आत्याचा नंबर पाठ करून घेतला.

चौकीपासून हायवेपर्यंत परत खडीच. या वेळी आम्ही पूर्वेला तोंड करून होतो. तो पूर्वेकडून आला. समोरूनच. मी ब्रिनचं तोंड माझ्या मांडीत दाबलं, वर कोट टाकला. गाडी पळवली. बाकावर तिघं होते. टोपी, वॉल्टर, गार्नेट. गार्नेटने माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं बघितलं, त्याहून जास्त नाही. त्याचं मनगट खिडकीवर टेकलेलं होतं, बोट वर.

मी माझी जीभ चावली. हात उचलण्याऐवजी.

१२ जुलै, हायवेवरचा तळ

हायवेवर कुणी कुणाला हात करत नाही. दिवसभर तो दिसला नाही. ट्रक, बस, ट्रेलर, नुसती गर्दी, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पेट्रोलपंपावर डोरीन भेटली. तीही घरी निघालीये. म्हणाली, एकट्या बाईने एवढा मोठा ट्रेलर कशाला घेतला असेल गं मी? आणि डोळे पुसायला लागली. कशाबद्दल रडतेय ते तिलाही सांगता येईना. उद्या मागोमाग जाऊ असं ठरलं.

खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं. ब्रिन दिवसभर मला चिकटून आहे. केस विंचर, आई. पाणी दे, आई. लहान असतानाच्या गोष्टी सांगते, बर्फात पडले होते तेव्हा तू मला उचलून नेलंस. तो गार्नेट होता. तिच्या डोक्यात बापाच्या जागी सगळीकडे मी आहे, आणि खर्‍या आईच्याही. मी दुरुस्त करत नाही. मला सुख होतंय. माझा नवरा त्या बाकावर बसलाय आणि मला सुख होतंय. मी कसली बाई आहे?

उद्या घरी. कुणी घेऊ शकणार नाही हिला. दाराला आतून कडी.

१३ जुलै

हायवेचं काम चाललंय. झेंडीवाल्या मुलीने खडीच्या वळशावर लावलं. मी म्हटलं, थांबते, काम होऊ दे. ती हसून म्हणाली, सप्टेंबरपर्यंत? मागून भोंगे. बाकीच्या गाड्या आम्हाला ओलांडून पुढे गेल्या, दिसेनाशा झाल्या. डोरीन मागे आहे, ट्रेलरमुळे हळू.

आता आम्ही दोघीच. दोन्ही बाजूंना पाणी, रस्ता अरुंद.

समोर तो.

थांबलाय. हाकेच्या अंतरावर. आडवा नाही, नुसता समोर. बोट वर. बाकावर तिघं सरकून बसलेत, खिडकीकडे थोडी जागा केलीये. एका लहान माणसापुरती.

गार्नेट माझ्याकडे बघत नाही. ब्रिनकडे बघतोय.

डाव्या हाताने ब्रिनची दोन्ही मनगटं धरलीयेत. उजव्याने लिहितेय, मुद्दाम — रिकामा राहिला की उठतो, खांद्यापासून — लिहीत राहिलं पाहिजे —

ब्रिन म्हणते सोड, दुखतंय. म्हणते तो किती वेळ वाट बघतोय, आई, वाईट दिसतं. रडकुंडीला आलीये. शरमेने. बापासारख्याच कानाच्या पाळ्या —

गाडी मागे वळवता येत नाही. पाणी. आणि वळले तरी तो समोरूनच — परवा बघितलंय.

कुणाला तरी घेतल्याशिवाय हलणार नाही. एक मिळालं की जातो.

पोरीत जोर आहे. एक हात सुटला — धरला — तळहाताखाली तिचं बोट उठतंय, मला लागतंय ते —

आरशात धूळ. डोरीन. ती थांबेल. रस्त्यात गाडी उभी दिसली की इथे कुणीही थांबतंच. आत्याचा नंबर म्हण, ब्रिन. म्हणाली. पुन्हा म्हण. बरोबर म्हणाली.

थांबला की पहिलं बोट ज्याचं, त्याला नेतो. मग ते माझं.

जागा लहान माणसापुरती आहे. बसेन.

तिला काय सांगू — माझ्या मागून तिने उचललं तर मला विसरेल. रडणार नाही. नाही उचललं तर सगळं आठवेल, जन्मभर, आणि कुणाला खरं वाटणार नाही. माझ्यासारखं. नको.

सांगितलं. मी हात केला की लगेच तूही कर, शहाण्यासारखा. बरं, आई, म्हणाली.

बरं आई म्हणाली.

तिचे हात सोडते आता. पेन खाली ठेवायचं आणि लगेच, तिच्या आधी —

विसरू दे तिला. विसरूच दे. पण थोडा उशीर करावा तिने, अगदी थोडा, नुसतं माझ्याकडे बघायला म्हणून तरी एक —